प्रायोगिक रेशीम: किलोंच्या घोषणेआधी पाल्याचा हिशेब

कोळ्याचे जनुक रेशीमकिड्यात घालून काढलेला धागा दुकानात पोहोचण्याच्या कितीतरी आधी त्याच्या संभाव्य टनांची चर्चा सुरू होते, आणि वस्त्रोद्योगाच्या बाजार-अभ्यासात नव्याने आलेल्या उमेदवाराकडे बहुधा त्याच आकड्यांची पडताळणी सोपवली जाते. मी हे काम नाशिकमध्ये बसून करतो. अमेरिकेतील क्रेग लॅब्ज या कंपनीचे कीटकसंगोपन व्हिएतनाममध्ये चालते; तिथे जाऊन पाहणे आपल्याला शक्य नसते आणि हाती असतात ती केवळ प्रसिद्धिपत्रके, छायाचित्रे व भागधारकांसाठीची त्रोटक निवेदने. तरीही अंदाज बांधता येतो, कारण जनुक नवे असले तरी किडा तुतीचाच पाला खातो.

सुरुवात किलोंपासून न करता अळ्यांपासून करावी. समजा, एका बॅचमध्ये १० लाख अळ्या आहेत. त्यांतील ८० टक्क्यांनी कोष केले आणि ओल्या कोषाचे सरासरी वजन १.७ ग्रॅम भरले, तर सुमारे १,३६० किलो कोष मिळतात. एक किलो कच्च्या रेशमासाठी किती किलो कोष लागतात त्या प्रमाणाला रेंडिटा म्हणतात. चांगल्या बायव्होल्टाइन (वर्षात दोन पिढ्या देणाऱ्या) संकरात तो ७ च्या आसपास असतो, म्हणजे धागा निघेल १९० किलोंच्या घरात. आता ६० टक्के जगणूक, १.४ ग्रॅमचा कोष आणि ९ रेंडिटा धरला, तर तोच आकडा जेमतेम ९० किलोंवर येतो. प्रयोगशाळेतून आलेले वाण नाजूक असू शकते, त्यामुळे माझा कल नेहमी खालच्या टोकाकडे असतो.

हा हिशेब दुसऱ्या वाटेनेही तपासावा. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. कोषाचा १,००० मीटर तंतू २.५ डेनियरचा असेल, तर त्याचे वजन ०.२८ ग्रॅमच्या जवळ जाते. रिलिंगमधील, म्हणजे कोष उकलून धागा काढतानाची, तूट वजा केल्यावर एका किलोला साधारण ४,००० कोष लागतात, आणि हे वरच्या आशावादी आकड्याशी जुळते. तिसरी वाट पाल्याची. चाळीस-पन्नास हजार अळ्यांच्या, म्हणजे १०० अंडीपुंजांच्या संगोपनाला ढोबळमानाने एक टन किंवा त्याहून थोडा अधिक पाला लागतो, तेव्हा १० लाख अळ्यांना २५ ते ३० टन लागणार. बागायती तुतीचा एकर एका पिकाला चार-पाच टन पाला देतो असे धरले, तर सहा-सात एकरांची बाग हवी. निवेदनात बागेचे क्षेत्र दिसले की मी आधी तिथेच थांबतो, कारण पाला नसेल तर बाकी सगळी यंत्रे असूनही उपयोग नाही.

नवशिके चुकतात ते बियाण्याच्या टप्प्यावर. अंडी घेण्यासाठी पतंग बाहेर यावा लागतो आणि तो कोष फोडूनच येतो. तसा कोष अखंड धाग्यासाठी उकलता येत नाही. एक मादी ४०० ते ५०० अंडी घालते, त्यामुळे वाढ वेगाने होईल असे कागदावर वाटते. परंतु सुरुवातीच्या पिढ्यांत निवड करून कमकुवत कोष बाजूला काढावे लागतात, आणि अळीपासून पुढच्या अंड्यापर्यंत साधारण दीड महिना जातो. म्हणून ‘व्यावसायिक उत्पादन सुरू’ असे शब्द दिसले, तरी त्या पिकातील बहुतेक कोष बियाण्याला गेले की रिलिंगला, हे पाहिल्याशिवाय धागा मोजू नये.

नाशिकला राहण्याचा एक लाभ असा की येवला जवळ आहे. पैठणीच्या विणकराला धाग्याची सलगता, तुटण्याचे प्रमाण आणि वाया जाणारा भाग विचारला, तर रिलिंगनंतरच्या घटीची जी कल्पना येते ती कुठल्याही अहवालात इतकी नेमकी मिळत नाही (चहा झाल्यावर विचारावे, मागावर बसलेला असताना नव्हे).

शेवटी अहवालात एकच आकडा न देता पल्ला द्यावा, प्रत्येक गृहीतकापुढे त्याचा स्रोत लिहावा आणि जगणूक दहा टक्क्यांनी बदलली तर निष्कर्ष किती सरकतो तेही नोंदवावे.