ग्रे काका कसा लिहायचा (कॉमिक काढणाऱ्या सोलापूरकरांसाठी)

ग्रे म्हणजे धड चांगला पण नाही अन् धड वाईट पण नाही असला. सगळ्यात आधी ठरवा, काका का मामा. इंग्रजीत अंकल म्हटलं की भागतं, आपल्याकडं नाही भागत. मामा म्हटलं की एकतर लाड नाहीतर थेट कंस, अन् काका म्हटलं की भावकी. ॲरन डेव्हिस, म्हणजे प्राउलर, हा स्पायडरमॅन होणाऱ्या माइल्स मोरालेस या पोराच्या वडलांचा भाऊ, म्हणजे काका. स्पायडरमॅनच्या २०१८ च्या ॲनिमेशन पिक्चरमध्ये एक भाऊ पोलीस अन् दुसरा चोर, मधे पोरगं, अर्धी गोष्ट इथंच झाली.

मग त्याच्या पापातनं हिरोचा फायदा काढा, हे फार महत्त्वाचंय. २०११ च्या कॉमिकमध्ये ॲरन ऑसबॉर्न नावाच्या उद्योगपतीच्या लॅबमध्ये चोरी करायला घुसतो, कोळी त्याच्या बॅगेत शिरतो अन् नंतर त्याच्याच घरी माइल्सला चावतो, म्हणजे बघा पॉवर आली ती चोरीच्या मालातनं! आपल्याकडचा काका अक्कलकोट रोडच्या बंद कारखान्यातनं तांब्याची वायर काढू दे अन् त्याच पैशात पुतण्याच्या क्लासची फी भरू दे. पुतण्याला हे कळू देऊ नका. वाचणाऱ्याला कळू द्या.

बाप जे देत नाही ते काकानं द्यायचं. पिक्चरमध्ये तो पोराला भुयारात भिंत रंगवायला नेतो, आपला गड्ड्याच्या जत्रेला नेईल, पाळण्यात बसवेल, बास.

लहानपणीचं दुःख मात्र घालू नका. मी चार पानं घातली होती, मित्र वाचून म्हणला, हा ग्रे नाही बे, रडका आहे. चार वाक्यांत पण काम होतं. स्पायडरमॅनच्या २०१७ च्या पिक्चरमध्ये डोनाल्ड ग्लोव्हरच्या ॲरनचा रोल एवढुस्सा आहे, स्पायडरमॅनच्या जाळ्यानं हात गाडीच्या डिकीला चिकटलाय, आत आइस्क्रीम वितळतंय, तरी शस्त्रविक्या कुठं भेटेल ते सांगतो, का तर पुतण्या याच एरियात राहतो अन् असली हत्यारं त्याला इथं नकोत. स्वतः मात्र हत्यारं घ्यायलाच गेला होता.

आता मुखवटा उतरायचा सीन. २०१८ च्या पिक्चरमधला काका पुतण्याचा चेहरा बघून थांबतो अन् किंगपिनची, म्हणजे मेन व्हिलनची, गोळी खातो. कॉमिकमधला पुतण्यालाच ब्लॅकमेल करतो, मारामारीत काकाचाच यांत्रिक पंजा फुटतो अन् मरता मरता म्हणतो, तू माझ्यासारखाच आहेस. मला हा दुसरा आवडतो, पहिला जरा लवकर सुटला. थांबवायचाच असेल तर हात एक फ्रेम उशिरा थांबवा. आपल्याकडं १७७३ पासनं 'काका मला वाचवा' सांगतात, ध चा मा कुणी केला यावर आजपण चहाच्या टपरीवर वाद होतो अन् राघोबादादाला कुणी पूर्ण सोडत नाही, पूर्ण धरत पण नाही. तसला वाद तुमच्या काकावर व्हायला पाहिजे, म्हणून निकाल कुठल्याच पात्राच्या तोंडी देऊ नका, आजीच्या तर अजिबात नाही.

अन् एक, प्राउलरसारखा जांभळा ड्रेस ठेवणार असाल तर आधी एक झेरॉक्स काढून बघा. जांभळा सरळ काळा येतो, माझे पन्नास अंक असेच गेले.