कोविडकाळातले कागद अजून आडवे येतायत? सीमाभागातल्या छोट्या मालकांनी या चुका टाळाव्यात

लॉकडाऊन कधीच संपला, पण बेळगाव जिल्ह्यातल्या उद्यमबाग, मच्छे किंवा निपाणीतल्या छोट्या कारखान्यांच्या फायलींत २०२०-२१ची पानं अजून अर्धवट आहेत. पीएफची चौकशी आली, जुना कामगार ग्रॅच्युइटी मागायला आला किंवा बँकेनं नव्या कर्जासाठी कागद मागितले, की नेमकी तीच पानं अडचणीत आणतात.

पेपर कोल्हापूरचा, नियम बेंगळुरूचा

आपण बातम्या वाचतो महाराष्ट्राच्या आणि शेड असते कर्नाटकात. सगळा घोळ इथून सुरू होतो. व्हॉट्सॲपवर आलेला महाराष्ट्राचा जीआर आपल्यालाही लागू, असं धरून चालू नका. नियम कामाच्या जागेचा. कामगार कागलहून येवो की चंदगडहून, शेड उद्यमबागेत असेल तर किमान वेतन आणि सुट्ट्या कर्नाटकच्या. युनिट शिनोळीत असेल तर महाराष्ट्राच्या, मग मालक बेळगावच्या टिळकवाडीत राहत असला तरी.

कामाच्या तासांचंच बघा. २२ मे २०२०ला कर्नाटकानं कारखान्यांना दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांची सवलत दिली आणि ११ जूनला ती मागेही घेतली. पहिली बातमी गावभर झाली, दुसरी तेवढी फिरली नाही. त्यानंतरही १० तासांची पाळी चालवली असेल, तर जादा तासांचा दुप्पट दर देणं लागतं. तेवढ्या महिन्यांचा हिशेब एकदा करून ठेवा.

मस्टरवरची आडवी रेघ

मार्च-एप्रिल २०२०चं मस्टर, म्हणजे हजेरीपट, काढा. २४ मार्चपुढे सगळ्या नावांवरून लाल पेननं एक रेघ, वर ‘बंद’ आणि जूनमध्ये तीच माणसं नव्या पानावर ‘रुजू’, असं दिसलं तर सावध व्हा. कारखाना बंद राहिला यात कामगाराचा दोष नव्हता. त्यामुळे तेव्हा लागू असलेल्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या कलम २अ प्रमाणे त्याची सेवा तुटत नाही. २०१७ला लागलेला फिटर २०२३ला सोडून गेला, तर हिशेब २०१७पासूनच होणार. २०२१मध्ये सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर रिपोर्टशिवाय सोडत नव्हते, तेव्हा अडकलेल्यांचे दिवसही सरसकट ‘गैरहजर’ म्हणून टाकलेले असतील.

यावर उपाय म्हणजे खाडाखोड नव्हे. जुनं पान तसंच राहू द्या. आजची तारीख घालून खुलाशाचा वेगळा कागद जोडा आणि पगारपत्रकात मूळ रुजू तारीख पुन्हा लावा. अकाउंटंट कुरकुर करेल, करू दे.

पगाराचंही तसंच. पूर्ण पगार द्या हा केंद्राचा २९ मार्च २०२०चा आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला आणि १२ जूनला सुप्रीम कोर्टानं मधल्या दिवसांचं बोलणी करून मिटवा असं सांगितलं. बोलणी झाली, पण बहुतेक ठिकाणी तोंडीच. ‘निम्मं घे, पुढं बघू’ याला कागदावर काही किंमत नाही. माणूस अजून कामावर असेल तर आता तरी लिहून घ्या. मजकूर कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून दाखवा आणि तसं खाली लिहून सही घ्या.

‘मालक, त्या महिन्यांचं पीएफ दिसेना झालंय’

१०० पर्यंत कामगार आणि त्यातले ९० टक्के १५ हजारांखालचे, अशा आस्थापनांसाठी मार्च ते ऑगस्ट २०२० दोन्ही बाजूंचं मिळून २४ टक्के पीएफ केंद्रानं भरलं. त्यासाठी मालकानं त्या महिन्यांचं ईसीआर, म्हणजे पीएफचं ऑनलाइन रिटर्न, भरायला हवं होतं. पैसे भरायचे नाहीत म्हणून रिटर्नही भरायचं नाही, असं समजणारे फसले. आधी ईसीआर बघा, मग कामगाराचा पीएफ नंबर (यूएएन) आधारला जोडलाय का बघा. आपल्याकडे हमखास अडतं ते नावावर: एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, मधे वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. संयुक्त घोषणापत्र भरून ते दुरुस्त होतं. सरकारनं भरलेल्या महिन्यांतही कामगाराच्या पगारातून १२ टक्के कापले असतील, तर ते परत करा. यात पळवाट नाही.

गॅरंटी बँकेला होती

केंद्राच्या मे २०२०च्या कर्ज-हमी योजनेत २९ फेब्रुवारी २०२०ला शिल्लक असलेल्या कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत जादा कर्ज नवं तारण न देता मिळालं. सरकारची हमी बँकेचं नुकसान भरून द्यायला होती, आपला हप्ता माफ करायला नव्हे. मार्च ते ऑगस्टच्या हप्तेसवलतीतही व्याज चढतच होतं. कर्ज फिटलं असेल तर नो ड्यूज, म्हणजे बाकी नसल्याचा दाखला, घ्या आणि जुन्या तारणावर या कर्जापोटी चढवलेला दुसरा बोजा उतरलाय का, तेही विचारा.

उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे. आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर होते, त्यासाठी कुणाला दोन-तीन हजार देऊ नका. १ एप्रिल २०२५पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटी गुंतवणूक आणि १० कोटी उलाढाल अशी वाढली आहे, तेव्हा आपला गट तपासून घ्या. आणि लेटरहेडवर अजून जुन्या उद्योग आधार नोंदणीचा नंबर असेल तर तो काढा; ती नोंदणी ३० जून २०२२नंतर चालत नाही.