गिअर बदलताना अर्धा फेरा हलका

मधल्या मोटरच्या (म्हणजे पेडलपाशी मोटर असलेल्या) इलेक्ट्रिक माउंटन बाइकमध्ये मोटरचा सगळा जोर चेनमधूनच मागच्या चाकाला जातो. बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्ससारख्या मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 85 न्यूटन-मीटर किंवा त्याहूनही जास्त असू शकतो, त्यात तुमच्या पायांचा जोर वेगळा. एवढ्या ताणाखाली गिअर बदलला की ‘खाड्’ असा आवाज येतो आणि कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअर-चकत्यांचे, दात झिजतात. साधी सवय लावा: चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर घ्या, आणि बदलताना अर्धा फेरा पेडलवरचा जोर कमी करा. मोटरही लगेच मवाळ होते, चेन अलगद सरकते. माझ्या मते महागड्या सुट्या भागांपेक्षा ही एकच सवय जास्त पैसे वाचवते. थांबण्याआधी गिअर उतरवायलाही विसरू नका. जड गिअरवर टर्बोत, म्हणजे मोटरच्या सगळ्यात जोरदार मोडमध्ये, सुटणं चेनसाठी फार वाईट.

पाय मिनिटाला 75 ते 90 फेरे फिरतील असा गिअर ठेवा.

चेनची झीज स्टीलच्या पट्टीने घरीच मोजता येते. नव्या चेनच्या 24 अर्ध्या कड्यांची लांबी, पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत, बरोबर 12 इंच भरते. ती दीड मिलिमीटरने वाढली, म्हणजे 0.5 टक्के, की 11 किंवा 12 स्पीडची (मागे तितके गिअर असलेली) चेन लगेच बदला. उशीर केलात तर कॅसेटही बदलावी लागेल, आणि तिची किंमत चेनच्या कितीतरी पट असते.

चिखलातून आल्यावर प्रेशर वॉशर नको. ओल्या फडक्याने चेन पुसा, सुकू द्या, प्रत्येक रोलरवर तेलाचा एक थेंब सोडा आणि वरचं तेल पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल फक्त माती धरतं.