‘नटसम्राट’ पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये नाटकाच्या वाटेला लागलेल्या प्रत्येकाच्या तोंडी ‘घर देता का घर’ असतंच. हे नाटक लिहिणारे शिरवाडकर आपल्या गावचे, त्यामुळे एकपात्रीला, ऑडिशनला, गॅदरिंगला तेच स्वगत. नव्याने येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ते स्वगत सगळ्यात शेवटी घ्या. तोवर नाटकाचा नायक, म्हातारा नट अप्पासाहेब बेलवलकर, याची दोन घरं सुटलेली असतात, आधी मुलाचं, मग मुलीचं. ती का सुटली हे नीट समजलं नसेल तर ते स्वगत म्हणजे नुसता चढा आवाज.

एम.ए.ला ‘कृतघ्न मुलं, बिचारे आईबाप’ एवढ्यावर परीक्षेचं उत्तर भागतं. नाटक मात्र त्याहून अवघड आहे, हे आमच्या हौशी ग्रुपच्या वाचनात कळलं. दिग्दर्शकाने अट घातली: अप्पांचे संवाद मनातल्या मनात वाचायचे, बाकीच्यांनी आपापले मोठ्याने. अप्पांचा आवाज गेला आणि घर ऐकू यायला लागलं. जो तो त्या एका माणसाला सांभाळून, वळसा घालून बोलतोय. शारदेची कुरकुर खाष्ट सुनेची वाटेना. घर चालवून, मुलीला वाढवून दमलेल्या बाईची वाटायला लागली. हा प्रयोग जरूर करून बघा.

शेक्सपिअरचा ‘लिअर’ शेजारी ठेवून वाचलंत तर आणखी फायदा. लिअर राज्य वाटतो, अप्पा घरदार आणि पैसाअडका. पण लिअरच्या नाटकात राणी नाही. शिरवाडकरांनी इथे अप्पांची बायको कावेरी आणली आणि माझ्या मते सगळं नाटक तिथेच बदललं. पुढचं ताट द्यावं पण बसायचा पाट देऊ नये, हे शहाणपण तिच्याकडे आहे. अप्पा ऐकत नाहीत, कारण उदारपणे सगळं देऊन टाकणारा नायक त्यांनी आयुष्यभर रंगवलाय आणि तो अजून अंगातून उतरलेला नाही. माझ्या लेखी शोकांतिकेचं मूळ हे. मुलांचं वागणं त्यानंतर येतं. म्हणून अप्पांची भूमिका करणाऱ्याने कावेरीचे संवादही पाठ करावेत.

नलूच्या घरचा चोरीचा आळ हा दुसरा मोठा प्रसंग. तो आळ परक्याने घेतलेला नाही, लाडक्या लेकीने घेतलाय. नलूला खलनायिका केलंत की प्रसंग मेला. तिला विचारायची लाज वाटतेय आणि तरी ती विचारतेय, असं उभं करा. नंतर आळ खोटा ठरला तरी अप्पा-कावेरीला तिथे राहणं शक्य का नाही, ते मग वेगळं समजवावं लागत नाही.

बूटपॉलिशवाल्या राजाकडे दयेने बघू नका. अप्पांना निवारा तोच देतो.

शेवटच्या प्रवेशासाठी थोडं बाहेरचं वाचन लागतं. तिथे अप्पा आपल्या जुन्या भूमिका एकेक करून पुकारतात. सीझर आपल्याच माणसांच्या हातून मेला, ऑथेल्लोने संशयापायी बायकोचा जीव घेतला, ‘एकच प्याला’तल्या सुधाकरने दारूपायी संसाराची राख केली. एवढं माहीत नसेल तर तो प्रवेश नावांची यादी होतो. सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, जाऊन ‘एकच प्याला’ काढा, शिरवाडकरांनी स्वतः मराठीत आणलेला ‘ऑथेल्लो’ही शोधा, आणि मग तालमीला या.