जमावबंदीच्या आदेशाला आव्हान कसे द्यावे

मेळाव्याच्या तोंडावर जमावबंदी लागली, तर आधी आदेशाची प्रत मिळवा. बातमीच्या कात्रणावर कोर्ट चालत नाही. बेळगाव शहरात आदेश बहुधा पोलीस आयुक्तांचा असतो, खानापूर-निपाणीकडे जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांचा.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचा (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १४४) आदेश २ महिन्यांपलीकडे टिकत नाही. पुढची वाढ राज्य सरकारच देऊ शकते, तीही फार तर ६ महिने. नुसते ‘शांतताभंगाची शक्यता’ लिहून भागत नाही. अनुराधा भसीन खटल्यात (२०२०) सुप्रीम कोर्टाने सांगितले, की आदेश प्रसिद्ध करावा, त्यामागची वस्तुस्थिती नोंदवावी, निर्बंध प्रमाणात असावेत. तेच आदेश पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा गैरवापर आहे. भर इथेच द्या. बंदोबस्त किती लागेल यावर वाद घालू नका, त्यात न्यायालय सहसा हात घालत नाही.

पहिला अर्ज आदेश देणाऱ्याकडेच करा, पोच घ्या. त्यांना तुमचे म्हणणे ऐकावे लागते, नकाराची कारणे लेखी द्यावी लागतात. मग संविधानाच्या कलम २२६ खाली कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका; बिदरकरांसाठी कलबुर्गी. कन्नड आदेशाचे इंग्रजी भाषांतर जोडा. बहुतेक याचिका उशिरामुळे वाया जातात: कार्यक्रमाची तारीख उलटली, की मागणीत अर्थ उरला नाही म्हणून प्रकरण निकाली निघते.