गॅस चेकिंग, पॉवर सेव्हर, सोलर सबसिडी: दारात आलेल्या माणसासमोर या चुका टाळा

मागच्या महिन्यात आई घरी एकटी असताना दुपारी दोघं जण आले, गळ्यात आयकार्ड, हातात पावतीपुस्तक, "काकू गॅसचं चेकिंग आहे, कंपनीकडून आलोय", आणि दहा मिनिटांत नवीन पाइप, बर्नरवर ठेवायची कसलीशी जाळी आणि अठराशेची पावती हातात ठेवून गेले. जाताना जुना पाइपही घेऊन गेले. संध्याकाळी मी एजन्सीला फोन केला तर ते म्हणाले आम्ही कुणालाच पाठवलं नव्हतं.

आईला विचारलं दार का उघडलंस, तर म्हणाली "अरे चेकिंगला आले होते ना". इथेच सगळं आलं. काही विकायचंय म्हटलं असतं तर तिने आतूनच नको सांगितलं असतं, पण चेकिंग म्हटलं की आपण आपसूक बाजूला सरकतो. आणि चेकिंग खरंच असतं, गॅस कंपन्यांचं दर 5 वर्षांनी, म्हणूनच ही युक्ती चालते. अशा वेळी एजन्सीला फोन करायचा, तोही गॅसच्या पुस्तकावर किंवा सिलिंडरच्या पावतीवर जो नंबर आहे त्यावर. तो माणूस स्वतःच्या मोबाइलवरून "घ्या, साहेबांशी बोला" म्हणतो त्या साहेबाला काही अर्थ नाही, तो त्याचाच जोडीदार असतो. फोन होईपर्यंत माणूस दाराबाहेर. आता आईने एजन्सीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून दारामागे चिकटवलाय, आणि परवा मीटर रीडिंगवाल्यालाही तिने तेवढ्या जोरावर जिन्यात उभं केलं, बिचारा.

दुसरी चूक घाबरायची. तिच्यासमोर त्यांनी पाइप वाकवून चिरा दाखवल्या, "कधीही भडका उडेल काकू". तो पाइप मी दोनच वर्षांपूर्वी बदललेला. केशरी सुरक्षा पाइपवर तारीख छापलेली असते, 5 वर्षं चालतो, ती तारीख आधी बघा. गळतीची शंका असेल तर जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे, पण काडी पेटवून बघायचं नाही, कुणी दाखवत असेल तर त्यालाही नाही. आणि खरोखर वास येत असेल तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, लाइटच्या बटणाला हात नाही, बाहेर येऊन गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, 1906 ला, फोन. पाइप बदललाच तर जुना स्वतःकडे ठेवा, तक्रारीला तोच पुरावा असतो, ते लोक तो उगाच नेत नाहीत.

आता पॉवर सेव्हर, म्हणजे प्लगमध्ये घातली की वीजबिल कमी होतं असं सांगून विकतात ती डबी. याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण शिकलेले लोकही फसतात, आमच्या बिल्डिंगमध्ये एका इंजिनियरने घेतलाय! विकणारा एका बोर्डवर छोटी मोटर चालू करतो, वायरला क्लॅम्प मीटर लावतो, मग ती डबी प्लगमध्ये घालतो आणि अँपिअरचा आकडा डोळ्यासमोर खाली येतो. आकडा खरा असतो. डबीत कपॅसिटर असतो, त्याने पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खरं काम करणारा वाटा, सुधारतो आणि करंट कमी दिसतो, पण घरगुती बिल अँपिअरवर येतच नाही, युनिटवर म्हणजे किलोवॉट-तासावर येतं, आणि मोटर तेवढंच काम करतेय म्हटल्यावर युनिट तेवढेच पडणार. पटत नसेल तर घरात फक्त दोन पंखे चालू ठेवा, मीटरवरचा लाल दिवा पाच मिनिटांत किती वेळा लुकलुकतो ते मोजा, मग डबी लावून परत मोजा. हा प्रयोग विकणाऱ्यालाच करायला सांगा, बॅग आवरायला लागतो.

सोलरवाल्यांचं वेगळं. घराच्या छतावर सोलर बसवायची सरकारी पीएम सूर्यघर योजना खरी आहे, 3 किलोवॉट किंवा जास्तीला 78,000 रुपये सबसिडीही खरी आहे, पण सिस्टिम बसून, तपासणी होऊन मग ती थेट तुमच्या बँक खात्यात येते. "सबसिडी आम्ही काढून देतो, आज पाच हजार टोकन भरा, उद्या स्कीम बंद" हे ऐकलं की दार लावा. व्हेंडर सरकारी पोर्टलच्या यादीतला आहे का ते स्वतः बघा. आणि टॅबवर सही किंवा ओटीपी कशासाठी मागतोय ते वाचल्याशिवाय देऊ नका, "नुसती नोंदणी आहे" म्हणत कर्जाचा अर्जही भरला जातो.

पैसे गेलेच असतील तर? यूपीआयने गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930, इथे तासातासाचा फरक पडतो. निकृष्ट माल किंवा खोटी पावती असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि पावती, पॅकिंग, सोसायटीच्या कॅमेऱ्याचं फुटेज जपून ठेवा, फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. नावावर डिजिटल कर्ज निघालं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्याला कूलिंग-ऑफ काळ द्यावा लागतो, कमीत कमी एक दिवस, त्या काळात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरलं की दंड न लागता कर्ज बंद करता येतं. म्हणून मेसेज आला त्याच दिवशी कर्ज देणाऱ्याला लेखी कळवा, व्हेंडरच्या "बघतो, करतो" वर थांबू नका.