मार्वांव आणि कास्तेलो द वीद: पोर्तुगालच्या आतल्या भागात जाताय तर आधी एवढं करून ठेवा

लिस्बन, सिंत्रा, पोर्तो हे सगळेच करतात आणि करावंच, पण आमच्याकडे येणारे पाहुणे जेव्हा म्हणतात की आता जरा खेड्यातलं पोर्तुगाल दाखव, तेव्हा मी त्यांना आलेंतेजो या प्रांताच्या अगदी वरच्या कोपऱ्यात पाठवतो, स्पेनच्या बॉर्डरला खेटून सांव मामेदचा डोंगर आहे तिथे. मार्वांव आणि कास्तेलो द वीद ही दोन गावं, एक गाडलं गेलेलं रोमन शहर, एक भलामोठा उभा दगड आणि भरपूर झाडी, एवढाच ऐवज आहे. लिस्बनहून गाडीने अडीच तास धरा. पहिलं काम हे करा की यादी छोटी ठेवा. एकाच ट्रिपमध्ये आलेंतेजोतली एव्होरा, एल्वाश ही शहरं आणि हे सगळं कोंबायला गेलात तर सगळा वेळ गाडीतच जाईल, मग मला सांगू नका की तिथे काही विशेष नव्हतं.

तारखा ठरवताना जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळा. 'आम्हाला उन्हाची सवय आहे' असं सगळेच म्हणतात, पण तिथलं ऊन कोरडं असतं, पारा चाळीसला टेकतो, शिवाय वणव्यांचा सीझन असतो, त्यामुळे धोका जास्त असेल त्या दिवशी डोंगरातल्या वाटांवर जायला बंदी येऊ शकते. एप्रिल-मे सगळ्यात छान, हिरवं असतं, रानफुलं असतात. ईस्टर जमत असेल तर कास्तेलो द वीदमध्येच मुक्काम करा, पण बुकिंग फार आधी लागेल, कारण ईस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळी मेंढपाळ आपली कोकरं गावात आणतात आणि पाद्री त्यांना आशीर्वाद देतो, मग रात्री अख्खं गाव गुरांच्या गळ्यातल्या घंटा हातात घेऊन रस्त्यावर खडखडाट करत फिरतं, लहान मुलं असतील तर त्यांना झोपवायचा विचार सोडून द्या. दुसरा चांगला काळ म्हणजे नोव्हेंबर, तेव्हा मार्वांवमध्ये चेस्टनटची जत्रा असते, भाजलेले चेस्टनट आणि नवी वाइन. फक्त थंडी वाजते आणि जुन्या दगडी घरांत हीटिंग यथातथाच असतं, तेव्हा बुक करतानाच विचारून घ्या.

व्हिसाचं थोडक्यात, कारण ते सगळ्यांना माहीत असतं: शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस ही अगदी शेवटची मुदत, इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा. बॉर्डर ओलांडून स्पेनमध्ये चक्कर मारायची असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाऊ नका.

गाडी लागतेच. बस आहेत, पण त्यांच्या वेळा गावातल्या लोकांच्या सोयीच्या, तुमच्या नाही. ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं आधीच सांगा, नाहीतर गिअरवाली पुढ्यात येते, आणि उजव्या बाजूने चालवताना उजव्या हाताने गिअर टाकायचा हे पहिल्या दिवशी डोक्याला ताप आहे. इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा, क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं असू द्या, टोलसाठी काचेवर लावायचं यंत्र रेंटलवाल्याकडूनच घ्या. आणि गाडी छोटी घ्या, प्लीज. मार्वांवला तटाच्या बाहेर पार्किंग आहे तिथेच लावून चालत आत जा, मॅप तुम्हाला बिनधास्त दरवाजातून आत बोळात नेतो आणि मग दोन्ही आरसे मिटून रिव्हर्स यावं लागतं.

राहायला मार्वांवमध्येच तटाच्या आत निदान एक रात्र घ्या, जमलं तर दोन. दिवसा टुरिस्ट बस येतात, संध्याकाळी पाचनंतर निघून जातात आणि मग गाव तुमचं. गाव साधारण 860 मीटरवर कड्यावर बसलेलं आहे, किल्ला टोकाला. नाव नवव्या शतकातल्या इब्न मरवान या मुस्लिम सरदारावरून पडलं. आपल्याला गड चढायची सवय असते म्हणून सांगतो, इथे चढ असा काही नाही, पण तटबंदीच्या फांजीवर, म्हणजे तटावरून चालायच्या वाटेवर, बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही, एका बाजूला सरळ खाली. मुलांचा हात सोडू नका, वारा सुटला असेल तर सेल्फी राहू द्या. किल्ल्यात शिरल्याबरोबर पाण्याचं मोठं टाकं आहे, कमानींचं, आत उतरून एक हाक मारून बघाच. दुर्बीण असेल तर न्या, गिधाडं इथे वर बघून नाही तर खाली वाकून दिसतात, ती आपल्या पायाखालून उडत असतात.

बॅगेत काय, तर सगळ्यात आधी बूट. गुळगुळीत तळव्याचे फॅन्सी शूज अजिबात नकोत, इथल्या गल्ल्यांतले दगड शेकडो वर्षं पावलांनी घासून इतके तुकतुकीत झालेत की दोन थेंब पडले तरी घसरगुंडी. मार्वांवहून खाली पोर्ताजेंला जुनी दगडी पाखाडी उतरते, चेस्टनट आणि ओकच्या सावलीतून, ती चालायचीच, म्हणून ग्रिपवाले बूट. पायवाटांवर पिवळा-लाल असे दोन पट्टे रंगवलेले असतात ती वाट बरोबर, त्याच रंगांची फुली दिसली की चुकलात. खाली सेवेर नदीवर पोहायची जागा केलेली आहे, मे-जूनमध्ये जाणार असाल तर पोहायचे कपडे वरच ठेवा, पाणी गार असतं हे आधीच सांगून ठेवतो. तिथला जुना पूल आणि जकातीचा बुरूजही बघा, 1492 मध्ये स्पेनमधून हाकलून दिलेले ज्यू याच वाटेने पोर्तुगालमध्ये शिरले.

आता थोडा गृहपाठ, आणि हा मी सगळ्यांच्या मागे लागून करून घेतो. गार्सिया द ऑर्ता वाचून जा. पणजीतल्या म्युनिसिपल गार्डनला ज्याचं नाव आहे तोच. हा माणूस 1501 च्या सुमाराला कास्तेलो द वीदमध्ये जन्मला, आईवडील स्पेनमधून आलेले ज्यू, जबरदस्तीने ख्रिश्चन केलेले. डॉक्टर झाला, 1534 मध्ये गोव्याला आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाला औषधं दिली, पुढे मुंबईचं बेटच भाडेपट्ट्याने मिळालं त्याला! 1563 मध्ये गोव्यात त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं, आपले मसाले, आंबा, सगळं त्यात आहे. तो वारल्यावर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला 1569 मध्ये गोव्यात जिवंत जाळलं आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून काढून तीही जाळली, गुन्हा काय, तर गुपचूप ज्यू राहिले. हे डोक्यात ठेवून कास्तेलो द वीदच्या ज्यू मोहल्ल्यात शिरा. गल्ल्या उभ्या चढाच्या, पांढरी घरं, दारांच्या दगडी कमानी टोकदार, दारोदार कुंड्या, सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, एक साधंसं घर आहे, आत आता म्युझियम. खाली कारंज्याचा चौक आहे, सोळाव्या शतकातलं संगमरवरी कारंजं. हा भाग घाईने करू नका, इथे अर्धा दिवस द्या, आणि बहुतेक म्युझियमं सोमवारी बंद असतात तेव्हा सोमवार डोंगरासाठी ठेवा.

त्याच गावाचा आणखी एक मुलगा म्हणजे कॅप्टन साल्गेइरो माया, 25 एप्रिल 1974 ला सांतारेंहून लिस्बनमध्ये चिलखती गाड्या घेऊन गेला आणि पोर्तुगालमधली हुकूमशाही पडली तो. त्याची कबर इथेच आहे, साधी. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला तरी पोर्तुगालने ते मान्य केलं 1974 च्या डिसेंबरअखेरीस, म्हणजे या क्रांतीनंतरच, त्यामुळे गोव्याच्या पाहुण्यांना तर मी तिकडे पाठवतोच पाठवतो.

खाण्याची तयारी वेगळी करावी लागते, विशेषतः शाकाहारी असाल तर. 'सेंय कार्न, सेंय पेइश' म्हणजे मांस नको, मासे नको, हे पाठ करा आणि तरी सूपमध्ये चोरीसोचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा, तुकडा आहे का ते विचारा. आसोर्दा मागवा, शिळा पाव, लसूण, ऑलिव्ह तेल, गरम पाणी आणि मूठभर कोथिंबीर, वर अंडं, पोर्तुगालमध्ये एवढी कोथिंबीर आलेंतेजोतच मिळेल. मात्र पाणी कधीकधी मासे उकडलेलं असतं, तेही विचारा. जे सगळं खातात त्यांनी सारापातेल चुकवू नये, गोव्याच्या सोरपोतेलचं इकडचं घराणं, फक्त इथे कोकराचं करतात आणि ईस्टरला तर हमखास. गोडात बोलेइमा, सफरचंद-दालचिनीचा चपटा केक, बेकरीत मिळतो. टेबलावर न मागता पाव-ऑलिव्ह येतात ते फुकट नसतात, नको असतील तर हात लावू नका. दुपारी तीननंतर किचन बंद होतं ते संध्याकाळी सातशिवाय उघडत नाही, तेव्हा पोरांसाठी बिस्किटं, चिवडा गाडीत ठेवा. चहा पावडर घरूनच आणा, यावर चर्चा नको.

अमाया हे रोमन शहर मार्वांवच्या पायथ्याशी आहे, पहिल्या शतकातलं. फार मोठ्या अपेक्षा ठेवू नका, बरंचसं अजून जमिनीखालीच आहे, वर दक्षिण दरवाजा, फोरमच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकातल्या, देवळाचा चौथरा, स्नानगृह एवढं दिसतं, पण आधी म्युझियम बघून मग शेतात उतरलात तर रस्ते कुठून कुठे जात असतील ते कळतं. सावली नाही, सकाळीच उरका. मेआदाचा दगड मात्र बघितलाच पाहिजे, कास्तेलो द वीदच्या उत्तरेला शेतांमध्ये, सात मीटरपेक्षा उंच, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी उभा केलेला, अख्ख्या स्पेन-पोर्तुगालमध्ये एवढा उंच दुसरा नाही. मोडून पडला होता, 1993 मध्ये जोडून परत उभा केला. वाटेत गुरांची फाटकं लागली तर उघडल्यावर परत लावा. आजूबाजूला बुचाची झाडं दिसतील, साल काढलेला बुंधा तांबडालाल असतो आणि त्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा, तो साल काढली त्या वर्षाचा शेवटचा अंक, कारण परत नऊ वर्षं तरी हात लावता येत नाही. पोरांना आकडे शोधायला लावा, तासभर शांतता मिळते.

पेट्रोल शनिवारीच भरून ठेवा, सुटे युरो जवळ ठेवा, ऑफलाइन मॅप डाउनलोड करा, इमर्जन्सीला 112. निघताना नीज़ाचं मेंढीच्या दुधाचं चीज घ्या, ते प्राण्यांच्या रेनेटऐवजी काटेरी फुलांच्या अर्काने विरजतात त्यामुळे शाकाहाऱ्यांनाही चालेल, चेक-इनच्या बॅगेत टाका, वास सुटतो. आणि फोनमधलं ऑटोमॅटिक टाइम झोन बंद करा, मार्वांवच्या कड्यावर स्पॅनिश टॉवर पकडतो आणि घड्याळ एक तास पुढे पळतं, मग नाश्त्याला जाऊन बघाल तर किचनचं दारच उघडलेलं नसेल.